रापणीचा दोर मागून धरतात

वाचकाचं पत्र

"बाई, गेल्या जूनमध्ये आम्ही नालासोपारा सोडून देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो. सासूबाई आजारी पडल्या, आणि कलमांकडे बघायलाही कोणी नव्हतं. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, गावच्याच शाळेत. अभ्यासात बरा आहे, बोलकाही आहे. पण सहा महिने झाले, एक मित्र नाही. संध्याकाळी सुकती (ओहोटी) लागली की वाडीतली पोरं पुळणीवर क्रिकेट खेळतात. हा गेला की 'तेका घेव नको, तो रडीचो' म्हणतात. आमची बॅट नेली तरच घेतात. आऊट झाला की भांडतो. एकदा बॅट उचलून घरी निघून आला, एकदा एकाला ढकललं. विचारलं तर म्हणतो, 'ते मला मुद्दाम आऊट देतात, मुद्दाम अंगावर बॉल मारतात.' वाढदिवसाला मी सगळ्यांना बोलावलं. केक-वेफर्स खाऊन गेली, दुसऱ्या दिवशी परत तेच. शाळेत सांगितलं, तर वर्गासमोर सगळ्यांना ओरडा बसला. तेव्हापासून जास्तच दूर ठेवतात. सासूबाई म्हणतात, 'खालच्या वाडीतल्या पोरांत कित्याक जातस? घरात बसान रव.' शेजारचा एक मुलगा अधूनमधून आमच्या कुत्रीची पिल्लं बघायला येतो, तेवढंच. यांचं म्हणणं, पोरगा आहे, आपोआप शिकेल. माझ्या लेकाचं काय चुकतंय, की पोरंच दुष्ट आहेत? त्याला नवी चांगली बॅट आणून देऊ का?"

उत्तर

ताई, बॅटचं शेवटी बोलू. आधी लेकाचं चुकतंय की पोरांचं, ते बघू. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळांत शिकवलं, बरीचशी खाडीकाठच्या दोनशिक्षकी शाळांत, आणि दर वर्षी कुणीतरी आई दाराशी उभी राहून मला हेच विचारायची. तेव्हा जी आई समोर असेल तिच्या पोराची बाजू मी घ्यायचे. आज तसं करत नाही. तुमच्या लेकाच्या खेळात शिरण्यातच काहीतरी खोट आहे. आणि पोरांनी त्याच्यावर एकदा जो शिक्का मारलाय, तो आता ती पुसायला तयार नाहीत. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींवर वेगवेगळं काम करावं लागेल.

एक करा. तुमच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, लागेल तेव्हा लेकाला घेऊन किनाऱ्यावर जा आणि नुसते बघत बसा. होडीने जाळं अर्धगोल टाकून झालं की दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढायला लागतात. उशिरा आलेला माणूस काय करतो ते लेकाला बघू दे. तो 'मी येऊ का' असं विचारत नाही. चपला बाजूला काढतो, कुठल्या रांगेत माणसं कमी आहेत ते क्षणभर बघतो, मागच्या टोकाला दोर धरतो आणि बाकीच्यांच्या तालात ओढायला लागतो. दहा मिनिटांनी तो जणू पहिल्यापासून तिथेच असतो. आता असा माणूस डोळ्यासमोर आणा जो येतो तोच रांगेच्या पुढे उभा राहतो आणि म्हणतो, 'असं नाही ओढत, आमच्याकडे असं ओढतात.' त्याला कोणी हाकलणार नाही कदाचित, पण त्याच्यासाठी दोरावर जागाही कोणी करणार नाही.

1981 साली मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकांनी नेमकं हेच मुलांत बघितलं. दोन मुलं खेळतायत, तिसरं खोलीत येतं, ते खेळात कसं शिरतं? इतरांना आवडणारी मुलं आधी खेळ काय चाललाय ते हेरायची आणि त्याच खेळाला जोडून काही बोलायची, करायची. नावडती मुलं आल्या आल्या स्वतःबद्दल सांगायची, मध्येच प्रश्न विचारायची, 'असं नसतं' म्हणून वाद घालायची. म्हणजे चालू खेळ आपल्याकडे वळवू बघायची. आणि खेळणाऱ्यांना नेमकं तेच नको असतं. तुमचा लेक बोलका आहे असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. पुळणीवर पोचल्या पोचल्या तो काय बोलतो, ते एकदा सुरूच्या आडून ऐका. 'आमच्या सोसायटीत टर्फवर खेळायचो' अशा जातीचं काही निघालं तर मला नवल वाटणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, वर्गाच्या खिडकीतून शिकले. राजापूरच्या बाजूला एका शाळेत माझ्याकडे एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत मुलं लगोरी खेळायची आणि हा रोज येऊन लगोरीला लाथ मारायचा. रोज तक्रार, रोज मी त्याला कोपऱ्यात उभं करायचे. एकदा पायाला लागलं होतं म्हणून सुट्टीभर खिडकीशी बसून राहिले, तेव्हा सगळं पहिल्यापासून दिसलं. आधी तो येऊन लांब उभा राहिला. मग जरा पुढे झाला. मग मोठ्याने म्हणाला, 'माझ्या मामाकडे ह्याच्यापेक्षा मोठी लगोरी रचतात.' कोणी मान वळवली नाही. त्याने तेच पुन्हा म्हटलं. एकजण म्हणाला, 'मग जा मामाकडे.' त्यानंतर लाथ. वर्षभर मला फक्त लाथ दिसत होती, कारण तक्रार तिथून सुरू व्हायची.

मी मग एवढंच केलं, की लगोरीसाठी चिऱ्याच्या चपट्या ठिकऱ्या गोळा करायचं काम त्याला दिलं. चांगल्या ठिकऱ्या मिळायला लागल्या, त्यामुळे तो खेळात घेतला जाऊ लागला. तो वर्गाचा लाडका वगैरे कधी झाला नाही, तसं सांगितलं तर खोटं होईल. पण एक मित्र मिळाला, आणि तेवढ्यावर त्याची सातवीपर्यंतची वर्षं बरी गेली.

आता 'मुद्दाम' या शब्दाकडे येऊ. तुमच्या पत्रात तो लेकाच्या तोंडी एका वाक्यात दोनदा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांचा 1980 सालचा एक प्रयोग आहे. मुलग्यांना असं वाटायला लावलं, की त्यांनी जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्या मुलाने मोडलं. काहींना ते मुद्दाम केल्यासारखं भासवलं, काहींना चुकून, आणि काहींना धड कळेना की मुद्दाम की चुकून. मुद्दाम असेल तर सगळेच चिडले, चुकून असेल तर सगळ्यांनीच सोडून दिलं. फरक पडला तो मधल्या, संदिग्ध प्रसंगात. एरवी भांडखोर म्हणून ओळखले जाणारे मुलगे तिथे मुद्दामच केलंय असं धरून वागले. खेळात असे संदिग्ध प्रसंग किती येतात बघा. ओल्या पुळणीवर टप्पा पडून रबरी बॉल कसाही उडतो, तो कुणाच्या पाठीत बसेल सांगता येत नाही. त्यात मुलगा नवीन, भाषा वेगळी, सगळे एकमेकांचे चुलतमामे आणि हा एकटा. अशा पोराला सगळं मुद्दाम वाटलं तर त्यात त्याचा फार दोष नाही. पण तो ढकलतो ते मात्र सगळ्यांना दिसतं.

आणि याची दुसरी बाजू पोरांची आहे. ज्याच्या नावावर एकदा 'रडीचो' लागलं, त्याने चुकून केलेलंही मग मुद्दामच ठरतं. दुसऱ्याने आऊट झाल्यावर कुरकुर केली तर ती कुरकुर, तुमच्या लेकाने केली की रडीचा डाव. म्हणून 'चांगला वाग म्हणजे घेतील' एवढं सांगून भागत नाही. तो उद्यापासून चांगला वागला तरी पोरांच्या ध्यानात यायला दोन-तीन महिने जातील. त्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठवड्यात म्हणेल, 'मी चांगला वागलो, तरी काय झालं?'

शिक्का पुसायला गाव बदलावं का, असंही कधी कधी आया विचारतात. 1983 साली जॉन कोई आणि जॅनिस कुपरश्मिट यांनी चौथीतल्याच मुलग्यांचे चार-चारांचे गट केले आणि आठवड्यातून एकदा, सहा आठवडे खेळायला बसवले. काही गटांत सगळे वेगवेगळ्या शाळांतले, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. तरी तिसऱ्या भेटीपर्यंत ज्याला आपल्या शाळेत टाळत होते त्याला इथेही टाळायला लागले होते. मात्र शाळेत ज्यांच्याकडे नुसतं कुणाचं लक्ष नसायचं, अशी गप्प मुलं नव्या गटात खुलली. टाळलेलं मूल आणि लक्षात न आलेलं मूल यांत एवढा फरक असतो, आणि आपण दोघांनाही 'मित्र नाहीत' म्हणून एकाच टोपलीत टाकतो. तुमचा लेक पहिल्या प्रकारात येतो. त्यामुळे परत नालासोपाऱ्याला जायचा विचार मनात असेल तर निदान या कारणासाठी नको.

पण थांबा, सगळं ओझं नऊ वर्षांच्या पोरावर टाकून मी मोकळी होणार नाही. तुमच्या सासूबाईंचं 'खालच्या वाडीतल्या पोरांत' हे वाक्य मी परत परत वाचलं. कोकणात वाडी म्हणजे नुसता पत्ता नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू? कोणत्या वाडीची मुलं, कोणाच्या ओटीपर्यंत येतात, कोणाला पाणी कुठल्या तांब्यातून मिळतं, हे सगळं पोरं बोलता येण्याआधी शिकतात. आजी पडवीतून जे बोलते ते पाणंदीतून जाणाऱ्या पोराला ऐकू जातं, आणि ते संध्याकाळी पुळणीवर पोचतं. ज्या घरात आपल्याला कमी लेखतात त्या घरातल्या पोराला आपण का घ्यावं, असं त्यांनी म्हटलं तर तुम्ही त्यांना दुष्ट म्हणाल? आजारी माणसाशी वाद घाला असं मी म्हणत नाही. पण घरात हे बोलणं चालणार नाही, हे तुमच्या यजमानांनी आपल्या आईला सांगावं. आपोआप शिकेल म्हणणाऱ्या बाबांना हे एक काम नक्की देता येईल.

उलटंही घडतं, तेही सांगून ठेवते. जातीवरून, घरच्या गरिबीवरून, कपड्यांच्या वासावरून, काळ्या रंगावरून, तोतरेपणावरून ज्या मुलाला बाहेर ठेवतात त्याच्या आईने मला पत्र लिहिलं असतं, तर खेळात कसं शिरायचं यावर मी एक ओळही लिहिली नसती. तिथे शिकायचं असतं ते मोठ्यांनी.

आणखी एक सरळ गोष्ट. लेकाचे कान आणि डोळे तपासून घ्या. हाक मारली तरी लक्ष देत नाही, बॉल उशिरा दिसतो, म्हणून 'आढ्यतेखोर' ठरलेली दोन मुलं माझ्याच वर्गात निघाली होती. एकाला चष्मा लागला, एकाच्या कानात पाणी साठत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या कानावर घाला. एका जागी ठरतच नाही, पाळी येईपर्यंत थांबवतच नाही, असं पहिलीपासून असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. अतिचंचलता असलेल्या मुलांना सवंगडी फार लवकर कंटाळतात, आणि त्यावर उपचार आहेत.

आता वाढदिवस. केक खाऊन पोरं गेली यात नवल नाही. बारा पोरं, मोठा आवाज, मध्ये टोपी घातलेला तुमचा लेक, म्हणजे पुन्हा सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. आणि वर्गासमोर ओरडण्याबद्दल मी कुणाला नावं ठेवू? मीही वर्षानुवर्षं हेच केलं. 'त्याला खेळायला घ्या रे' असं मी पट्टी आपटून सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराचं नाव 'बाईंचो' पडायचं. शिक्षकांना आता वेगळं मागा. सगळ्यांना काही सांगू नका, एवढी विनंती करा. फक्त बाकावर त्याच्या शेजारी शांत, सांभाळून घेणारा मुलगा बसवा, आणि दोघांनी मिळूनच होईल असं काहीतरी काम द्या. बागेला पाणी घालणं, फळ्यावर दिनांक-सुविचार लिहिणं, काहीही. खेळाच्या तासाला दोन कप्तान करून 'गडी निवडा' म्हणू नका, हेही सांगा. शेवटी उरलेल्या पोराला ते तास जन्मभर आठवतात.

आपल्या जुन्या खेळांत यावर किती साधा तोडगा होता बघा. दोघा-दोघांनी जोडी करायची, लांब जाऊन कानात नावं ठरवायची आणि कप्तानांपुढे येऊन विचारायचं, 'चंद्र हवा की सूर्य?' कोणाला कोण मिळालं हे नशिबावर. शेवटी उरणं नाही. आणि फार लहान किंवा कच्चं पोर असेल तर ते लिंबूटिंबू: त्याच्यावर राज्य नाही, पण खेळात आहेच. फक्त चंद्र-सूर्य व्हायलाही जोडीदार लागतो. तुमच्या लेकाकडे तो नाही.

म्हणजे आहे. पिल्लं बघायला येतो तो! तुम्ही त्याला 'तेवढंच' म्हणून अर्ध्या ओळीत उरकलंत. माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रात कामाची गोष्ट तीच आहे. मुलांच्या मैत्रीवर काम करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलंय, की सगळ्यांचा आवडता असणं आणि एक खरा मित्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक जरी मित्र असला तरी बाकीच्यांच्या त्रासाची धार कमी होते. तेव्हा वाडी जिंकायला जाऊ नका. त्या एका मुलाला बोलवा. शनिवारी दुपारची शाळा नसते, तेव्हा तास-दीड तास. पोट भरल्यावर पोरं कंटाळायच्या आत त्याला घरी पाठवा, म्हणजे परत यावंसं वाटेल. करायला काहीतरी हवं: पिल्लांसाठी खोक्याचं घर करा, नाहीतर सुकतीला दोघांना कुर्ल्या धरायला पाठवा. त्यात तो शेजारचा उस्ताद असणार आणि तुमचा लेक शिकाऊ. तो तुमच्या लेकाला शिकवेल, हे फार बरं. जिंकण्या-हरण्याचे खेळ पहिले महिनाभर नकोत.

ते हरण्याचं घरी घ्या. रोज रात्री कॅरम किंवा पत्ते, वीस मिनिटं, बाबांबरोबर. आणि बाबांनी त्याला मुद्दाम जिंकू द्यायचं नाही. हरला की काय म्हणायचं ते आधी ठरवून ठेवा. 'जा, उद्या बघतो तुला', हसून, एवढं पुरे. मोठी माणसंही हरल्यावर असं काहीतरी पाठ केलेलंच बोलत असतात. 1977 साली शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर यांनी तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांना असंच शिकवलं: खेळात लक्ष ठेव, पाळीपाळीने घे, बोल आणि ऐक, दुसऱ्याला बरं वाटेल असं काही म्हण. शिकवायचं, खेळायला पाठवायचं, आणि आल्यावर विचारायचं की काय जमलं. त्या मुलांबरोबर खेळायला वर्गातल्यांना जास्त आवडू लागलं, आणि वर्षभराने बघितलं तरी ते टिकून होतं. यात कुठे भाषण नाही, लक्षात घ्या. रोज विचारा, 'आज कोणी मस्त कॅच घेतला?' 'तुला घेतलं का?' हे मात्र विचारू नका. त्याला दुसऱ्याचा कॅच आठवायला लागला, की तो पुळणीवर आपोआप इतरांचा खेळ बघायला लागेल. मग कधीतरी 'काय घेतलास रे!' असं तोंडातून निघेल, आणि ते मालवणीत निघालं तर आणखी बरं. आजीकडून शिकायला ही एक चांगली गोष्ट आहे.

पुळणीवर जाताना आठवडाभर बॅटिंग मागायचीच नाही, असं त्याच्याशी ठरवा. लांब गेलेला बॉल पाण्यात जायच्या आत आणून द्यायचा. तिथे फिल्डर नेहमीच कमी असतात.

मात्र सकाळी रोज पोट दुखायला लागलं, शाळेत जायचं नाही म्हणून रडायला लागला, झोप किंवा जेवण तुटलं, किंवा 'मी नसलेलाच बरा' असं काही बोलला, तर माझ्या पत्राची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फोन करा आणि डॉक्टरांना दाखवा. मारहाण होत असेल, कोणी व्हिडिओ काढून फिरवत असेल, तर ते खेळात न घेणं नव्हे, छळ आहे. तिथे शाळेने आणि त्या मुलांच्या आईबापांनी उत्तर द्यायचं असतं.

आणि बॅट. नवी नको. भारी बॅट आणलीत की पोरं बॅटला घेतील, लेकाला नाही, हे तुम्ही सहा महिने बघताच आहात. जुनी बॅटसुद्धा घरात ठेवू नका. खेळ संपला की ती बॉल ज्याच्याकडे असतो त्याच्या ओटीवर ठेवून यायची. पहिले दोन दिवस लेक आदळआपट करील, करू दे. बॅट दुसऱ्याच्या घरची झाली म्हणजे आऊट झाल्यावर ती उचलून चालू पडायची सोय राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी निदान तिच्या निमित्ताने त्याला एका दारात जाऊन हाक मारावी लागते.

चैत्रात पुन्हा पत्र टाका. क्रिकेटचं काय झालं ते कळवाच, पण शेजारच्या मुलाने कुठलं पिल्लू नेलं आणि नाव काय ठेवलं, ते आधी लिहा.